गाडी पोचेपर्यंत

आमच्या गावापासून पोलीस ठाणं पस्तीसेक किलोमीटरवर आहे. वाटेत दोन ओढे लागतात आणि मोठा पाऊस झाला की दोन्ही फरशीपुलांवरून पाणी वाहतं. ठाण्याच्या हद्दीत साठ-सत्तर गावं, शिवाय वाड्यावस्त्या वेगळ्याच. ठाण्यातली निम्मी माणसं कायम बाहेर असतात. कोणी कोर्टात, कोणी समन्स बजावायला, कोणी आरोपी घेऊन जिल्ह्याला, कोणी यात्रेच्या नाहीतर निवडणुकीच्या बंदोबस्ताला. त्यामुळे गावात काही झालं की पहिला तास-दीड तास तरी गावानेच निभावायचा असतो. त्या तासाभरात जे करायचं, थांबवायचं, राखायचं असतं, ते कायद्याने पोलीस पाटलावर टाकलं आहे. नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, दक्षिण भागातल्या एका कोरडवाहू गावाची मी पोलीस पाटील आहे. गावची सून आहे, तीन मुलांची आई आहे, आणि हे काम मनापासून करते.

पोलीस पाटील म्हटलं की लोकांना अजून फेटा, वाडा आणि वतन आठवतं. ती मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली. आताचं पद १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखालचं आहे. नेमणूक प्रांताधिकारी करतात. त्यासाठी वय २५ ते ४५, किमान दहावी, आणि उमेदवार त्याच गावचा रहिवासी हवा. ८० गुणांची लेखी परीक्षा, २० गुणांची तोंडी, मग चारित्र्य पडताळणी. आमच्या गावची जागा सोडतीत महिलेसाठी निघाली आणि जाऊबाईंनी मला अर्ज भरायला लावला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: "तुला लिहिता-वाचता येतं, आणि तू कोणाच्या तोंडाकडं बघून बोलत नाहीस." तोंडी परीक्षेत साहेबांनी विचारलं, विहिरीत प्रेत दिसलं तर सगळ्यात आधी काय कराल? मी म्हटलं, जिवंत असण्याची शक्यता असेल तर आधी बाहेर काढू, नसेल तर कोणाला हात लावू देणार नाही आणि ठाण्याला कळवीन. तेव्हा ते नुसतं परीक्षेतलं उत्तर होतं.

नेमणूक आधी पाच वर्षांसाठी, मग नूतनीकरण. मी लागले तेव्हा मानधन महिन्याला ६,५०० रुपये होतं, २०२४ मध्ये सरकारने ते १५,००० केलं. शेती किंवा छोटा धंदा करायला मुभा आहे, पण राजकारण करायचं नाही, ग्रामपंचायतीत निवडून जायचं नाही. हा नियम मला फार मोलाचा वाटतो. आमच्या गावात दोन गट आहेत आणि सोसायटीपासून सप्त्याच्या पंगतीपर्यंत सगळं त्या दोन गटांत वाटलेलं आहे. दोन्हीकडच्या माणसाला ज्या उंबऱ्यावर येता येईल असा एक तरी उंबरा गावात लागतो.

आदेश हातात पडला त्या आठवड्यात पारावर एकच विषय होता, बाई रात्री गस्तीला जाणार का? सासऱ्यांनी कोणाला उत्तर दिलं नाही. त्यांनी बॅटरी आणून दिली आणि माझा मोबाईल नंबर शाळेच्या भिंतीवर ऑईलपेंटने लिहून घेतला.

गावातल्या पोलीस कामाची खरी अडचण गुन्हे जास्त आहेत ही नाही. आमच्याकडे चोऱ्या होतात त्या विहिरीवरच्या मोटारींच्या, केबलच्या, शेळ्यांच्या, आणि विजेची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, फोडून नेलेल्या तांब्याच्या तारेच्या. या चोऱ्या शेतकऱ्याचं पीक वाळवतात, त्यांना किरकोळ कोणी म्हणू नये. पण त्याहून अवघड आहे ते हे, की गावात प्रत्येक जण प्रत्येकाचा कोणीतरी लागतो. फिर्यादी भावकीतला, आरोपी भावकीतला, साक्षीदार दोघांचा सोयरा. पोलीस येतात, जबाब घेतात आणि गाडीत बसून जातात. मागे राहिलेल्यांना दुसऱ्या दिवशी एकाच डेअरीवर दूध घालायचं असतं, एकाच विहिरीच्या पाळीवर भरणं करायचं असतं. मीही मागे राहणाऱ्यांतलीच.

विहिरीचा प्रश्न खराच समोर आला. एका वस्तीवरची नवी सून सकाळी विहिरीत सापडली. लग्नाला तीन वर्षंही झाली नव्हती. मी पोचले तेव्हा विहिरीच्या थारोळ्याजवळ तिच्या चपला होत्या, एकीत एक नीट घातल्यासारख्या, आणि पंचवीस-तीस माणसं त्या चपलांवरून पुढे-मागे करत होती. मी सगळ्यांना आधी मागे घेतलं. गुरांच्या दाव्याने एक रिंगण आखलं आणि दोन पोरांना उभं केलं. मग ठाण्याला फोन. मग मृतदेहाकडे, पाण्याकडे, काठावरच्या पायांच्या खुणांकडे बघून जे दिसलं ते वेळेसकट वहीत लिहिलं. हे सांगायला सोपं आहे. पण तोवर घरातले वडीलधारे जवळ आले.

"सूनबाई, झालं ते झालं. पोरीचे हाल नको. दुपारच्या आत उरकू, मग तिच्या माहेरी कळवू."

ते माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. मी त्यांच्या पाया पडते, त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेते. मी म्हटलं, "आबा, साहेब येईस्तोवर कोणी हात लावायचा नाही. आणि माहेरी मी फोन लावलाय." लावला नव्हता. ते बोलून झाल्यावर तिथेच, त्यांच्यासमोर लावला. लग्नाला सात वर्षांच्या आत विवाहितेचा असा मृत्यू झाला की शवविच्छेदन टळत नाही, आणि इन्क्वेस्ट, म्हणजे मृतदेहाच्या, पंचनाम्याला तहसीलदार नाहीतर नायब तहसीलदार स्वतः येतात. हे मला ठाऊक होतं, म्हणून मी उभी राहू शकले. ठाऊक नसतं तर त्या गर्दीत माझा आवाज कितीसा पुरला असता?

पोलीस आले, नायब तहसीलदार आले. बाज सोडून दोन पट्टीच्या पोहणाऱ्यांनी तिला वर काढलं. त्यानंतर पंच मिळेनात. पंच म्हणजे काय, जे डोळ्यांनी दिसलं त्यावर सही करणारी दोन माणसं. सकाळपासून तमाशा बघायला उभी असलेली माणसं पंच म्हटल्याबरोबर पांगली. एकाला वैरण टाकायची होती, एकाला तालुक्याला जायचं होतं. त्यांचं सगळंच खोटं नव्हतं. आज केलेल्या सहीसाठी चार-सहा वर्षांनी समन्स येतं, मजुरी बुडवून कोर्टात जायचं, आणि तिथे तारीख पुढे गेल्याचं कळतं. शिवाय ज्या घराविरुद्ध सही, ते घर बांधाला बांध लावून. शेवटी शाळेचे एक गुरुजी आणि एक मेंढपाळ तयार झाले. बायकांचं अंग बायकांनीच बघायचं म्हणून महिला पंच लागते. तिथे माझ्या जाऊबाई उभ्या राहिल्या.

माहेरचे लोक टेम्पो भरून आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. भावाने पहिला दगड उचलला तो घराच्या दिशेने. गाडीतले दोन पोलीस आणि मी, एवढेच मधे होतो. मी त्या मुलीच्या आईला धरलं आणि सांगितलं की तुमची मुलगी तुम्हाला न दाखवता कोणी हलवलेली नाही, पंचनामा तहसीलच्या साहेबांनी केलाय, शवविच्छेदन व्हायचंय, तुमचा जबाब तुम्ही सांगाल तसा लिहून घेतील. तिच्या हातातलं बळ गेलं आणि ती खाली बसली. मग दगडही खाली पडला. प्रकरण अजून कोर्टात आहे, म्हणून त्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही. आबांच्या घरातलं कोणी माझ्याशी बोलत नाही. लग्नपत्रिका येते ती सासऱ्यांच्या नावाने.

अशा मोठ्या घटना वर्षाकाठी एखाददुसऱ्या. रोजचं काम आहे बांधाचं. जूनमध्ये पेरणीला नांगर घातला की बांध कोरला म्हणून तक्रार सुरू होते, आणि ऊस नाहीतर कांदा निघायच्या वेळी वाट अडवली म्हणून. लोक रागाने ठाण्यात जातात. तिथे सांगितलं जातं की ही दिवाणी बाब आहे, आणि शिवीगाळ-दमदाटीपुरती एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून कागद हातात मिळतो. अदखलपात्र म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. घरी येताना त्या माणसाच्या मनात एकच बसलेलं असतं, पोलिसांनी काही केलं नाही. समोरच्याच्या मनातही तेच बसतं, पोलीस आपलं काही करत नाहीत. यातूनच पुढे कोयता बाहेर येतो. चॅप्टर केस, म्हणजे प्रतिबंधक कारवाई, करून दोघांकडून शांततेचा बॉण्ड घेता येतो आणि घेतलाही जातो, पण बॉण्डने बांध जागेवर येत नाही.

हे बघून मी तहसील कचेरीत जाऊन विचारत बसले. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदार तो मोकळा करून देऊ शकतात, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. रस्ताच नसेल आणि बांधावरून नवा हवा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. बांध कुठून कुठे, हे ठरवायला सरकारी मोजणी. ही माहिती गावात कोणाकडेच नव्हती. सहा महिने भांडण्यात जातात आणि मग मुदत गेलेली असते. आता भांडणाचा आवाज आला की मी दोघांना आधी तारीख विचारते, वाट कधी अडवली? ती वहीत लिहून ठेवते. अर्ज कसा करायचा ते दोन्ही बाजूंना सांगते, एकालाच नाही. माझ्या मते खेड्यातल्या हाणामाऱ्यांचं मूळ पोलीस ठाण्यात नाही, मोजणीच्या रांगेत आहे. मोजणी वेळेवर झाली तर आमच्या ठाण्यातल्या एन.सी.चं रजिस्टर पातळ होईल. हे मी प्रांतांच्या बैठकीतही बोलले आहे.

२०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यापासून पुणे-नगरपर्यंत रात्रीच्या ड्रोनची भीती पसरली. आभाळात लाल-हिरवे दिवे दिसायचे आणि मोबाईलवर फिरायचं की चोर ड्रोनने घरं हेरून ठेवतात. पोरं रात्ररात्र काठ्या घेऊन गच्चीवर. मला त्या दिवसांत ड्रोनपेक्षा काठ्यांची धास्ती वाटायची, कारण मला राईनपाडा आठवत होतं. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात १ जुलै २०१८ ला, बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना मारून टाकलं. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते ते, भिक्षा मागून पोट भरणारे. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. २०२४ च्या फेब्रुवारीत धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. म्हणजे पाच घरं तिकडे बुडाली, सात इकडे. ती खोली आपल्या गावातल्या कार्यालयासारखीच असणार, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

एका रात्री साडेबाराला फोन आला, "वहिनी, चोर धरलाय, मळ्याच्या चौकात या." मी, मालक आणि शेजारचा पोरगा मोटारसायकलवर निघालो. निघतानाच ११२, पोलीस मदतीचा नंबर, लावला. त्याचं असं आहे की ११२ चा फोन नवी मुंबईला नाहीतर नागपूरला उचलला जातो. तिथल्या मुलीला आमची वस्ती माहीत नसणार, आणि मोबाईलच्या टॉवरवरून जी जागा दिसते ती कधी कधी शेजारच्या गावाची असते. म्हणून मी वस्तीचं नाव सांगत बसत नाही. ठाणं सांगते, मोठं गाव सांगते, कालव्याचा पूल सांगते, माझा नंबर देते. मग बीट अंमलदारांना, म्हणजे आमच्या भागाच्या पोलिसांना, वेगळा फोन केला. ते यात्रेच्या बंदोबस्ताला दुसऱ्या टोकाला होते. म्हणाले, "ताई, गाडी निघाली की सांगतो. तोवर त्याला बसवून ठेवा. उभा ठेवू नका."

हे वाक्य मी सगळ्या नव्या पोलीस पाटलांना सांगते. उभ्या माणसाला मारायला हात उठतो. बसलेल्याभोवती घोळका झाला तरी पहिला फटका मारायला प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघतो.

चौकात साठेक माणसं होती. मधे एक पन्नाशीचा माणूस, सायकलला दोन पोती बांधलेली, ओठ फुटलेला. भाषा हिंदी, तीही घाबरून तुटकी. मी त्याला डीपीच्या ओट्यावर बसवलं आणि त्याच्या शेजारी मी बसले. पदर खोचलेला, पायात घरातल्याच चपला. मारायचं तर आता माझ्या अंगावरून मारावं लागणार होतं, आणि गावच्या सुनेच्या अंगावर हात टाकणं त्यांना जमणारं नव्हतं. बाई आहे म्हणून हे काम जमायचं नाही असं म्हणणाऱ्यांना मी ही रात्र सांगते. मग मी नावं घ्यायला सुरुवात केली. जमावाला नाव नसतं, म्हणून त्याचा हात उठतो. मी एकेकाकडे बॅटरी मारून म्हणत गेले, "अरे तू का, उद्या तुझी परीक्षा ना?" "भाऊजी, तुम्ही इथं, मग गोठ्यावर कोण?" प्रत्येकाचं नाव मोठ्याने. मोबाईल वर धरलेल्यांना म्हटलं, काढा शूटिंग, पण कोणी पहिला हात टाकला तेही त्यात येणार आहे. शेजारच्या पोराला मी वहीत हजर असलेल्यांची यादी लिहायला बसवलं. यादी सुरू झाल्यावर मागची फळी अंधारात विरत गेली.

पोत्यांत भंगार होतं, प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि गंजकं लोखंड. तार नव्हती. मी ते पुढच्या चौघांसमोर ओतायला लावलं आणि पुन्हा भरायला लावलं. गाडी यायला सव्वा तास लागला. तेवढ्या वेळात त्याला पाणी दिलं, घरून भाकरी मागवली. तो भंगार गोळा करता करता वाट चुकला होता. सायकल पंक्चर झाली म्हणून रात्री चालत निघालेला. पोलिसांनी त्याला दवाखान्यात नेलं, ओळख पटवली, आणि ज्याने ओठ फोडला त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. ते नाव माझ्या यादीत होतं. तो पोरगा आमच्या आळीतला आहे. त्याच्या आईने माझ्या दारात येऊन मला शिव्याशाप दिले. मी ऐकून घेतले. सोडून दिलं असतं तर पुढच्या वेळी ओठावर भागलं नसतं.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदेही नवे लागू झाले. झडती आणि जप्तीचं मोबाईलवर चित्रीकरण करायचं, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथक घटनास्थळी यायचं, ऑनलाईन तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. हे सगळं चांगलं आहे, चित्रीकरण तर फारच. साक्षीदार फिरला तरी चित्र फिरत नाही. पण आमच्याकडे नाल्याच्या पलीकडे रेंज नाही. अंमलदार चित्रीकरण करतात आणि ते वर चढवायला टेकडीवर जातात. पथक जिल्ह्याहून निघतं, तोवर पाऊस आला तर रक्त राहत नाही, पावलं राहत नाहीत. म्हणून मी घरात जुनी ताडपत्री, चार खुंट्या आणि दोरी वेगळी काढून ठेवली आहे. कोणत्याही नियमात हे लिहिलेलं नाही. एकदा बीट अंमलदारांनी सुचवलं आणि ते उपयोगी पडलं, एवढंच.

माझ्याकडे सगळ्यात जास्त येतात त्या बायका, आणि त्यांचं सगळ्यात कमी कागदावर येतं. नवऱ्याची मारहाण, हातभट्टी, सोळाव्या वर्षी लेकीचं ठरवलेलं लग्न. रात्री भांडी घासून झाल्यावर येतात, ताक मागायला आल्यासारखं दाखवतात. मी म्हणते, ठाण्यात चल, मी बरोबर येते. ती म्हणते, "वहिनी, सकाळच्या यष्टीत बसले की कंडक्टरच विचारील, कुठं निघालीस?" आणि ते खरं आहे. गावातून तालुक्याला एकटी निघालेली बाई सगळ्यांना दिसते. कायदा तिच्या बाजूने आहे. साक्षीदार म्हणून तिचा जबाब घ्यायचा तर तिला ठाण्यात बोलवायचं नाही, तिच्या घरी जाऊन घ्यायचा, असं त्यात स्पष्ट आहे. पण जीप दारात उभी राहिली तर पुढचे सहा महिने तिला त्याचे टोमणे ऐकावे लागतात. बालविवाहाचं मी नाव न सांगता १०९८ या मुलांच्या हेल्पलाईनवर कळवते. ग्रामसेवक आमच्याकडे बालविवाह प्रतिबंध अधिकारी आहेत, त्यांना आणि अंगणवाडीताईंना बरोबर घेते, म्हणजे एका घराचा राग तिघांत वाटला जातो. मारहाणीला असा मार्ग सापडत नाही.

म्हणून मी एक अर्ज केला आहे. आमच्यापासून सहा किलोमीटरवर पोलिसांचं दूरक्षेत्र, म्हणजे ठाण्याची चौकी, आहे, एक खोली आणि पडवी, बहुतेक दिवस कुलूप. त्या गावाचा आठवडे बाजार मंगळवारी भरतो आणि खोली बाजारतळाला लागूनच आहे. दर मंगळवारी तिथे एक महिला अंमलदार बसावी, जबाब तिथेच लिहून घ्यावा, एवढं मागणं. बाजाराच्या दिवशी बाईला घराबाहेर पडायला कारण सांगावं लागत नाही. हातात पिशवी असली की पुरतं. अर्जावर आसपासच्या गावांतल्या पोलीस पाटलांच्या सह्या आहेत. वरच्या साहेबांनी मनुष्यबळ नाही असं तोंडी सांगितलं. मी लेखी उत्तर मागितलं आहे आणि पुढच्या मासिक बैठकीत पुन्हा उभी राहणार आहे.